गिरणीमागचा मुलूख आणि लिओन्तिएफचे कोष्टक

मराठीच्या वर्गात गिरणगावाविषयीचे साहित्य शिकवताना 'गिरणीच्या भोंग्यावर अख्खा मुलूख जगत होता' असे विधान आम्ही अध्यापक मंडळी सहज करून जातो. विधान खोटे नाही. परंतु हा 'अख्खा मुलूख' म्हणजे नेमका कोणता, त्यातली किती माणसे गिरणीच्या आधाराने जगत होती आणि तो आधार त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचत होता, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले की साहित्याचा अभ्यासक थोडा अडतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, एवढा आकडा सांगता येतो. पण त्यांना जेवू घालणारी खाणावळवाली, नाक्यावरचा वाणी, गिरणीला बॉबिन पुरवणारा छोटा कारखानदार, खानदेशातला कापूस उत्पादक आणि रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत पोस्टमनची वाट पाहणारी म्हातारी ही सारी माणसे त्या अडीच लाखांच्या बाहेरची. ती कथा-कवितांत आहेत. आकड्यांत त्यांना कुठे शोधायचे?

अर्थशास्त्रात या प्रश्नासाठी एक साधन आहे आणि त्याचे वय आता शतकाच्या घरात आले आहे. मराठीत त्याला 'आदान-प्रदान विश्लेषण' म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकाला आदान-प्रदान म्हटले की भाषांतर, भाषाभगिनींमधली देवघेव असे काही आठवते. येथली देवघेव अधिक रोकडी आहे. एका प्रदेशात एखादा उद्योग आला, वाढला किंवा बुडाला, तर इतर उद्योगांवर आणि कुटुंबांवर त्याचा किती परिणाम होईल, हे मोजण्याची ही पद्धत. गणिताच्या तपशिलात शिरण्याचा आमचा हेतू नाही, अधिकारही नाही. परंतु कोष्टक हीसुद्धा एक संहिता असते. ती कोणी, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी रचली, तिच्यात कोणाला ओळ मिळाली आणि कोण समासाबाहेर राहिले, हे वाचणे आमच्या कामाच्या कक्षेत येते असे आम्ही मानतो.

या संहितेची पहिली आवृत्ती १७५८ साली व्हर्सायच्या राजवाड्यात तयार झाली. फ्रान्स्वा केने हा पेशाने वैद्य. पंधराव्या लुईच्या मर्जीतील मादाम द पाँपादूर हिच्या प्रकृतीची जबाबदारी त्याच्यावर होती. साठी ओलांडल्यानंतर हा गृहस्थ अर्थविचाराकडे वळला आणि त्याने 'ताब्लो एकोनोमिक' नावाचा एक तक्ता काढला. मध्यभागी जमीनमालक, एका बाजूस शेतकरी, दुसऱ्या बाजूस कारागीर. आणि या तिघांमध्ये पैसा कसा फिरतो हे दाखवणाऱ्या नागमोडी रेघा. वैद्याच्या हातून निघालेला हा तक्ता पाहून अनेकांना रक्ताभिसरण आठवले यात नवल नाही. आम्हाला मात्र त्यातला एक शब्द अधिक बोलका वाटतो. शेतकऱ्यांच्या वर्गाला केनेने 'उत्पादक' म्हटले आणि कारागिरांच्या वर्गाला 'वांझ'. त्याच्या मते खरी वाढ फक्त जमीन देते. विणकर आणि लोहार यांनी खर्ची घातले तेवढेच मूल्य परत मिळते. म्हणजे कोष्टक जन्मले तेव्हाच त्यात वर्गीकरण आले, आणि वर्गीकरणाबरोबर निवाडाही आला.

आजचे आदान-प्रदान कोष्टक ज्याच्या नावाने ओळखले जाते तो वासिली लिओन्तिएफ पीटर्सबर्गमध्ये वाढला. क्रांतीनंतरच्या रशियात त्याचे विद्यापीठीय शिक्षण झाले, १९२५ मध्ये तो देश सोडून बर्लिनला गेला आणि त्याच सुमारास त्याने सोव्हिएत अर्थव्यवस्थेच्या १९२३-२४ सालच्या ताळेबंदावर एक लेख लिहिला. पुढे तो कील येथील संस्थेत काम करून १९३१ मध्ये अमेरिकेत पोचला आणि हार्वर्ड विद्यापीठात स्थिरावला. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेतील आदान-प्रदानावर त्याचा पहिला लेख आला. १९४१ मध्ये १९१९ आणि १९२९ या दोन वर्षांच्या कोष्टकांसह पुस्तक आले. या कामासाठी १९७३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. एका क्रांतीतून बाहेर पडलेला आणि महामंदीच्या ऐन भरात अमेरिकेत उतरलेला हा माणूस 'कोण कोणावर अवलंबून आहे' याच प्रश्नाला आयुष्यभर चिकटून राहिला, हे आम्हाला योगायोगाचे वाटत नाही.

कोष्टकाची कल्पना साधी आहे. देशातले सारे उद्योग एकदा आडव्या ओळींत मांडायचे आणि तेच पुन्हा उभ्या रकान्यांत. आडवी ओळ सांगते, या उद्योगाने आपला माल कोणाकोणाला विकला. उभा रकाना सांगतो, या उद्योगाने कोणाकोणाकडून काय घेतले. मुंबईच्या कापड गिरणीचा रकाना कल्पनेने भरून पाहावा. कापूस येतो विदर्भ-खानदेशातून. वीज येते १९१५ साली सुरू झालेल्या टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून, म्हणजे लोणावळ्याच्या डोंगरात साठवलेल्या पावसातून. सुताला लावायच्या खळीसाठी चिंचोक्याचे पीठसुद्धा वापरले जाई, म्हणजे कोठल्या तरी गावच्या चिंचेखाली वेचणी करणारी बाईही या रकान्यात आहे. मग रंग, रसायने, बॉबिन, कातडी पट्टे, रेल्वेचे भाडे. आणि शेवटी, खाली, मजुरी. शंभर रुपयांचे कापड निघायला यातले प्रत्येक किती रुपयांचे लागते ते गुणोत्तर काढले, की कोष्टक बोलू लागते. कापडाची मागणी वाढली तर कापूस किती वाढेल हे तर कळतेच. पण कापूस वाढायला सरकी, खत, बैलगाडी किती लागेल, आणि ती गाडी बनवायला लाकूड किती, अशी साखळी शेवटच्या कडीपर्यंत मोजता येते. प्रत्यक्ष परिणामामागे दडलेला अप्रत्यक्ष परिणाम दिसू लागतो. लिओन्तिएफचे खरे देणे हेच, असे आम्हाला वाटते. 'अवलंबून असणे' हा तोवर कादंबरीकाराचा विषय होता. त्याने तो मोजण्याजोगा केला.

या साधनाची पहिली मोठी सरकारी कसोटी उद्योग थांबण्याच्या प्रश्नावर लागली, हे फारसे सांगितले जात नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना अमेरिकेत काळजी होती ती युद्ध संपल्यानंतरची. रणगाडे, विमाने, दारूगोळा यांची मागणी एका फटक्यात नाहीशी झाली तर किती हात रिकामे होतील? अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी खात्यात १९३९ सालचे मोठे कोष्टक तयार झाले आणि त्याच्या आधारे शांतताकाळातल्या रोजगाराचे अंदाज बांधले गेले. पुढे १९६० च्या दशकात शस्त्रकपात झाली तर अमेरिकेच्या कोणत्या भागाला किती झळ लागेल, हा हिशेबही स्वतः लिओन्तिएफने आपल्या सहकाऱ्यांबरोबर मांडला. तोफेच्या मागे कोणकोणती गावे उभी आहेत ते त्यातून दिसले.

'कोणत्या भागाला' हे शब्द आले की कोष्टकाचा स्वभाव बदलतो. देशाच्या कोष्टकाला सीमा असते ती राष्ट्राची; तेथे जकात नाका असतो, आयात-निर्यातीची नोंद असते. प्रदेशाला असे काही नसते. ही अडचण सर्वप्रथम नेटाने हाताळली ती वॉल्टर इझार्डने. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकाने नकार दिल्यामुळे त्याची नेमणूक मनोरुग्णालयात झाली होती आणि तेथे रात्रपाळीच्या निवांत तासांत तो जर्मन स्थान-अर्थशास्त्राची भाषांतरे करीत असे. (भाषांतराचे एवढे शांत कार्यालय आमच्या तरी वाट्याला आलेले नाही.) १९५१ मध्ये त्याने प्रादेशिक आणि आंतरप्रादेशिक आदान-प्रदानाची मांडणी केली आणि १९५३ मध्ये रॉबर्ट क्यून याच्यासह एका प्रत्यक्ष कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. यू. एस. स्टील कंपनी पेनसिल्व्हेनिया राज्यात डेलावेअर नदीकाठी 'फेअरलेस वर्क्स' हा प्रचंड पोलाद कारखाना उभारत होती. पोलाद आले की त्यामागून पोलाद वापरणारे कारखाने येतील, त्यांच्यामागून कामगार, घरे, दुकाने, शाळा. तर न्यूयॉर्क-फिलाडेल्फिया पट्ट्यात एकूण रोजगार किती वाढेल, हा प्रश्न होता. लोहखनिज व्हेनेझुएलातून जहाजाने यायचे होते. म्हणजे कारखान्याच्या खरेदीतला एक मोठा तुकडा त्या प्रदेशात फिरणारच नव्हता, तो थेट समुद्रापार जाणार होता.

येथे एक शब्द लक्षात ठेवावा लागतो: गळती. एक काल्पनिक हिशेब देतो. समजा, एखाद्या प्रदेशातला प्रत्येक उद्योग शंभर रुपयांच्या मालासाठी चाळीस रुपयांची खरेदी त्याच प्रदेशात करतो. तर शंभर रुपयांच्या नव्या मागणीतून शंभर, मग चाळीस, मग सोळा, मग सहा रुपये चाळीस पैसे, अशा लाटा उठत जातात आणि एकूण उलाढाल सुमारे १६७ रुपयांवर जाऊन थांबते. तीच स्थानिक खरेदी दहा रुपयांची असेल तर शंभर, दहा, एक... एकूण जेमतेम १११. उद्योग तोच, मागणी तीच. फरक पडला तो पैसा सीमेच्या आत किती वेळ घुटमळला याने. आता सीमा थोडी रुंद आखली, शेजारचे दोन जिल्हे आत घेतले, की १११ चे १६७ व्हायला वेळ लागत नाही. नकाशावरची रेघ सरकली की उत्तर सरकते.

नंतरच्या काळात अमेरिकेत हे हिशेब तयार स्वरूपात मिळू लागले; तेथील सरकारी आर्थिक विश्लेषण विभागाने प्रादेशिक गुणकांची प्रणालीच उपलब्ध करून दिली. मग क्रीडागार, विमानतळ, अधिवेशन-केंद्र, जे काही उभारायचे असेल त्याच्या समर्थनार्थ सल्लागारांचे अहवाल निघू लागले आणि 'या प्रकल्पामुळे प्रदेशात इतक्या हजार रोजगारांची भर' हे वाक्य वृत्तपत्रांत रुळले. त्या वाक्यातला गुणक कोणत्या सीमेवर आणि कोणत्या वर्षाच्या आकड्यांवर उभा आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. लिओन्तिएफ स्वतः याबाबत कडक होता. अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून १९७० मध्ये केलेल्या भाषणात त्याने आपल्याच व्यवसायबंधूंना फैलावर घेतले: सिद्धान्तांचे इमले चढत आहेत आणि प्रत्यक्ष निरीक्षणाचा पाया मात्र भरलाच जात नाही, असा त्याचा रोख होता.

प्रत्यक्ष निरीक्षणाची गोष्ट निघाली म्हणून पुण्याकडे वळतो. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. या संस्थेने १९४८ मध्ये गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी प्रसिद्ध केली. 'प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष' हे शब्द तिच्या उपशीर्षकातच आहेत. कालव्याचे पाणी मिळणारी गावे आणि कोरडवाहू गावे यांची तुलना करून पाण्यामुळे नेमके काय बदलले याचा शोध तिने घेतला. लिओन्तिएफचे गणित तीत नाही, पण प्रश्न त्याच्याच कुळातला आहे: पाणीपट्टी म्हणून सरकारच्या तिजोरीत किती आले एवढ्यावर कालव्याची किंमत ठरवायची, की उसामागून आलेला गूळ, साखर, गाड्या, बाजार आणि मजुरी हेही धरायचे? गाडगिळांचा मार्ग होता गावोगाव अन्वेषक पाठवण्याचा. पुढे त्याच प्रवरा खोऱ्यात, लोणी येथे, विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद गाडगिळांनी स्वीकारले. ज्या प्रदेशाच्या लाभाचा हिशेब केला त्याच प्रदेशात तो लाभ शेतकऱ्याकडे वळवण्याच्या खटपटीत उतरायचे, असे उदाहरण अर्थशास्त्राच्या इतिहासात वारंवार सापडत नाही. संस्थेची ही परंपरा पुढेही चालली. १९६० मध्ये सोवनी आणि नीलकंठ रथ यांचा हिराकूड धरणाच्या लाभांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

देशपातळीवर कोष्टकाचे काम १९५० च्या दशकात महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत सुरू झाले होते. केंद्रीय सांख्यिकी संघटनेचे पहिले अधिकृत कोष्टक मात्र १९६८-६९ या वर्षाचे, आणि ते प्रसिद्ध व्हायला १९७८ साल उजाडले. कोष्टक हाती येईतो ते ज्या अर्थव्यवस्थेचे असते ती दहा वर्षे जुनी झालेली असते. असो.

प्रवरेच्या खोऱ्याबाबत एक गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे. साखर कारखान्याच्या रकान्यात ऊसतोडणीची मजुरी येते. पण तोडणी करणारी जोडपी येतात बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून. मुकादमाकडून उचल घेऊन, बिऱ्हाड गाडीवर घालून, हंगामापुरती. कारखान्याच्या प्रदेशाचे कोष्टक मांडले तर त्यांना मिळालेली मजुरी बरीचशी 'गळती' ठरते, कारण ती त्या प्रदेशात खर्च होत नाही. बीडचे कोष्टक मांडले तर तीच रक्कम बाहेरून आलेले उत्पन्न. शाळा सुटलेली मुले आणि गावात मागे राहिलेले म्हातारे या दोहोंपैकी कोणत्याच कोष्टकात येत नाहीत.

आता गिरणगावाकडे परत जाता येईल, कारण तेथेही हेच आहे आणि अधिक जुने आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली. तेव्हापासून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतून माणसे येत राहिली आणि त्यांचे घर दोन ठिकाणी वाटले गेले. गावी बायको-मुले, आईबाप, भाताचा तुकडा. मुंबईत चाळीतल्या खोलीतली पथारी आणि खाणावळीचे ताट. अण्णा भाऊ साठ्यांनी गावाकडे राहिलेल्या मैनेवर छक्कड रचली, तिच्यामागे हा अर्थव्यवहार आहे. राजनारायण चंदावरकर यांनी 'द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया' (१९९४) या ग्रंथात दाखवले, की कामगाराने गावाशी धरून ठेवलेला धागा हा मागासलेपणाचा अवशेष मानणे चूक आहे. शहरातल्या बेभरवशाच्या नोकरीत टिकून राहण्याची ती शहाणी योजना होती. गाव कामगाराच्या मनीऑर्डरीवर टिकायचे, आणि काम सुटले, संप झाला, आजारपण आले की कामगार गावावर टिकायचा. रत्नागिरीला 'मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा' म्हणत ते उगीच नव्हे.

मुंबई शहराच्या कोष्टकात ही मनीऑर्डर कोठे बसेल? गळतीत. शहराची सीमा ओलांडली की त्या पैशाचा पुढचा प्रवास कोष्टकाला दिसत नाही. गावच्या वाण्याची उधारी फिटली, कौले शाकारली, मुलीचे लग्न झाले, देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी गेली, ही सारी गुणकाची कामे. पण ती 'उर्वरित जग' नावाच्या रकान्यात बुडतात. आणि संप लांबत गेल्यावर हजारो कामगार गावाकडे परतले, तेव्हा शहराचा भार कोकणाने आणि देशावरच्या खेड्यांनी उचलला. तो भारही मुंबईच्या हिशेबात आला नसता. एका कुटुंबाचे ताट दोन जिल्ह्यांत मांडलेले असले, तर जिल्ह्याच्या सीमेवर आखलेले कोष्टक ते ताट मधोमध कापते.

कुटुंबाला कोष्टकात आणायचा एक मार्ग अर्थशास्त्रज्ञांनी काढलेला आहे. कुटुंब हाही एक उद्योग मानायचा: तो श्रम विकतो आणि धान्य, कापड, भाडे विकत घेतो. असे केले की गुणक लगेच फुगतो, कारण मजुरी खर्च होऊन पुन्हा फिरू लागते. ही युक्ती उपयोगी आहे; खाणावळवाली तिच्यामुळेच हिशेबात येते. लालबाग-परळच्या या बायकांचा व्यवहार मात्र पाहण्यासारखा होता. महिनाभर त्या वाण्याकडून उधारीवर धान्य उचलत, चढे व्याज भरत, वीस-पंचवीस जणांची ताटे वाढत. आणि पगाराच्या दिवशी कामगारांनी पैसे दिले की वाण्याचे देणे भागवत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले ते या बायकांना सावकारी व्याजातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून देण्यासाठी. म्हणजे गिरणी आणि वाणी यांच्यामध्ये जो एक महिन्याचा काळ होता, तो या बाईने आपल्या जिवावर तोलून धरला होता. कोष्टक एका वर्षाची छबी असते. त्यात घेतले आणि दिले यांची नोंद असते. 'घेतले आहे, द्यायचे आहे' याला रकाना नाही. गिरणी चालू असेतो हे खपून जाते, कारण महिनाअखेर येतोच. १९८२ मध्ये पगाराचा दिवस आला नाही, तेव्हा सर्वांत आधी ताणली गेली ती नेमकी ही बिनरकान्याची जागा.

यातून कोष्टकाचा आणखी एक गृहीत धरलेला नियम उघडा पडतो. गणितात वाढ आणि घट या एकमेकींच्या उलट असतात: गिरणी आल्याने जेवढे आले, तेवढेच ती गेल्याने जाणार. माणसांच्या बाबतीत तसे होत नाही. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावचा दाखला येथे द्यावासा वाटतो, कारण ते गावही कापडाच्या कारखान्यावर उभे होते. १९२९-३० मध्ये तो कारखाना बंद पडला आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तेथे मुक्कामी संशोधक ठेवून केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी घरखर्च मोजला, मुलांचे डबे पाहिले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेगही घड्याळ लावून मोजला. पुरुष सावकाश चालत, मध्येच थांबत. बायका मात्र झपाझप जात, कारण त्यांचे घरकाम संपलेले नव्हते. गावात कामगारांचे ग्रंथालय होते. बेकारीमुळे वेळ भरपूर मिळाला, वर्गणीही माफ झाली, तरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आली. साहित्य शिकवणाऱ्यांनी हा आकडा जरा थांबून वाचावा. रिकामा वेळ आणि वाचन यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही. ज्याचा दिवस कामाने बांधलेला आहे त्यालाच फुरसत असते. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकातल्या गिरणी कामगाराच्या घरात जी मुले सैरभैर होतात, त्यांच्या हातातही वेळच वेळ आहे.

मुंबईत पुढे जे झाले ते कोष्टकाच्या दृष्टीने मात्र वाईट दिसत नाही. कापडाचे बरेचसे विणकाम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते राखले, इमारतीखालची जमीन त्यातून सुटली. आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आला, इतर आवारांत कार्यालये आली. परळ-लालबागचे आधीचे आणि नंतरचे कोष्टक शेजारी ठेवले, तर कापडाची ओळ आटलेली आणि वित्त, करमणूक, जमीनजुमला यांच्या ओळी फुगलेल्या दिसतील. बेरीज बहुधा वाढलेलीच निघेल. उत्तर गणिताच्या दृष्टीने बरोबर असेल. प्रादेशिक कोष्टक जागेचा हिशेब ठेवते. त्या जागेवर आधी कोण होते आणि ती माणसे आता कोठे आहेत, हे त्याला विचारलेलेच नसते. त्या माणसांचे बोल हवे असतील तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गोळा केलेल्या मौखिक इतिहासाकडे, 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) या ग्रंथाकडे जावे लागते.

अर्थात कोष्टकात नव्या ओळी घालता येतात. प्रदूषण हे बाजारात विकले जात नाही म्हणून हिशेबाबाहेर राहते, हे पाहून लिओन्तिएफने १९७० मध्ये त्यासाठी स्वतंत्र ओळ घातली: प्रत्येक उद्योग किती धूर, किती घाण 'निर्माण करतो' हेही मालासारखेच मांडायचे. इझार्डच्या वाटेने गेलेल्यांनी एकाऐवजी अनेक प्रदेशांची जोडकोष्टके केली, ज्यांत एका प्रदेशाची गळती दुसऱ्याच्या मिळकतीत नाव लावून दिसते. मुंबई आणि रत्नागिरी, प्रवरानगर आणि बीड अशी जोडी धरून हिशेब मांडणे तत्त्वतः अवघड नाही. त्यासाठी लागते ती माहिती, आणि ती गोळा करायला गाडगिळांच्या अन्वेषकांप्रमाणे घरोघर जावे लागते.

अशी घरोघरची यादी मुंबईपुरती एकदा तयार झाली, पण ती अर्थशास्त्रज्ञांनी केली नाही. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे मिळावीत यासाठी संघटनांनी वर्षानुवर्षे लढा दिला, म्हाडाने अर्ज मागवले आणि सुमारे दीड लाख कामगारांचे व वारसांचे अर्ज आले. २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली, तेव्हा घरे होती सात हजारांच्या आत. अर्जाबरोबर गिरणीत काम केल्याचा पुरावा जोडायचा होता: तिकीट क्रमांक, हजेरीपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचा कागद. गावाकडच्या पेट्यांतून हे पिवळे पडलेले कागद बाहेर निघाले, आणि त्यांवर गिरणीचे नाव मुंबईचे होते, अर्जदाराचा पत्ता मात्र अनेकदा कोकणातला किंवा घाटावरचा.